कला आणि वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी जीवशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्राची तोंडओळख: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालील प्रश्न किनारपट्टीवरच्या तालुक्यांतून येणाऱ्या, विज्ञान शाखेत नसलेल्या विद्यार्थ्यांनी वर्गात, प्रयोगशाळेत आणि कधी एसटीच्या थांब्यावर विचारलेले आहेत. उदाहरणे शक्यतो घरची, शेतातली आणि बंदरावरची घेतली आहेत, कारण या विषयातील जवळजवळ प्रत्येक मूलभूत कल्पना कोकणातल्या माणसाने आधी पाहिलेली असते. फक्त तिला शास्त्रीय नाव दिलेले नसते.

बारावीपर्यंत विज्ञान नव्हते. हा विषय झेपेल का?

झेपतो. गुणाकार, टक्केवारी आणि नेमके वाक्य लिहिण्याची सवय एवढे भांडवल पुरेसे आहे. खरी अडचण वेगळ्या ठिकाणी येते. रोजच्या बोलण्यात 'जंतू', 'बुरशी', 'इन्फेक्शन', 'विषबाधा' हे शब्द आपण सैलपणे वापरतो आणि येथे तो सैलपणा चालत नाही. समोर काहीही बिघडलेले दिसले, मग ती आमटी असो, सुपारीचा घड असो वा तापाने फणफणलेला माणूस असो, तीन गोष्टी क्रमाने विचारायच्या: यामागे सजीव आहे का, असल्यास तो कोणत्या गटातला आहे, आणि जगण्यासाठी त्याला काय लागते. या पानावरील बहुतेक उत्तरे याच तीन प्रश्नांभोवती फिरतात.

जंतू, जिवाणू, विषाणू, बुरशी हे सगळे एकच नव्हेत का?

नव्हेत. 'जंतू' हा बोलीतला सरसकट शब्द आहे. परीक्षेत आणि दवाखान्यात तो पुरत नाही.

जिवाणू एकपेशीय असतो. त्याची पेशी पूर्ण असते, म्हणजे तिला आवरण असते, आत डीएनए असतो आणि प्रथिने तयार करण्याची यंत्रणा असते. मात्र डीएनएला वेगळी खोली, म्हणजे केंद्रक, नसते. साधारण जिवाणूची लांबी एक ते पाच मायक्रोमीटर भरते आणि एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. बुरशी, यीस्ट, शैवाल आणि आदिजीव यांच्या पेशीत केंद्रक असते, म्हणून रचनेच्या दृष्टीने यीस्टची पेशी जिवाणूपेक्षा आपल्या पेशीला अधिक जवळची आहे. बुरशीच्या संसर्गावर माणसाला अपाय न करणारी औषधे शोधणे जिवाणूंच्या तुलनेत कठीण जाते, ते याच जवळिकीमुळे.

विषाणू या दोघांपासून वेगळा आहे. तो पेशीच नाही. प्रथिनांच्या वेष्टनात ठेवलेला डीएनए किंवा आरएनए एवढेच त्याचे स्वरूप असते (काहींना वरून मेदाचे आणखी एक आवरण असते), आणि दुसऱ्याच्या पेशीत शिरून तिची यंत्रणा ताब्यात घेतल्याशिवाय त्याला वाढता येत नाही. बहुतेक विषाणू २० ते ३०० नॅनोमीटर आकाराचे असतात (एक नॅनोमीटर म्हणजे मायक्रोमीटरचा हजारावा भाग). साध्या सूक्ष्मदर्शकाला सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवता येत नाहीत. म्हणून प्रयोगशाळेत विषाणू दाखवा, अशी मागणी दरवर्षी होते आणि दरवर्षी नाकारावी लागते.

चौथा गट आर्किया हा आहे. दिसायला ते जिवाणूंसारखेच असतात, परंतु १९७७ मध्ये कार्ल वोज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आरएनएच्या तुलनेवरून तो स्वतंत्र गट असल्याचे दाखवून दिले. मिठागरांच्या अतिखारट पाण्याला कधीकधी येणारी गुलाबी छटा बऱ्याच अंशी खारप्रेमी आर्कियांमुळे असते.

पेशीविषयी नेमके किती माहीत हवे?

पेशीपटल म्हणजे काय आणि परासरण म्हणजे काय, एवढे पक्के समजले की अर्धे काम झाले. पेशीपटल म्हणजे पेशीभोवतीचे पातळ आवरण. त्यातून पाणी आत-बाहेर जाऊ शकते, पण मीठ सहज जाऊ शकत नाही. त्यामुळे बाहेर मीठ जास्त असेल तर पाणी पेशीतून बाहेर ओढले जाते. यालाच परासरण म्हणतात. खारवलेला बांगडा आणि मिठाच्या पाण्यात घातलेली कैरी टिकते ती याच कारणाने: मीठ जिवाणूला विष म्हणून मारत नाही, तर त्याच्या पेशीतील पाणी काढून घेऊन वाढ थांबवते. सुक्या मासळीला सादळ आली की ती लवकर खराब होते, यामागेही पाण्याचाच हिशेब आहे. खाडीकाठच्या तिवराला मात्र हे कोडे आयुष्यभर सोडवावे लागते आणि तो पानांवरच्या ग्रंथींतून मीठ बाहेर टाकतो. दुपारी पानाचा पृष्ठभाग जिभेला लावून पाहिल्यास खारट लागतो.

एक जिवाणू रातोरात किती होतो?

ई. कोलाय हा जिवाणू अनुकूल स्थितीत सुमारे वीस मिनिटांनी दुभंगतो. रात्री नऊला एक असेल, तर पहाटे पाचपर्यंत चोवीस वेळा दुप्पट होऊन १,६७,७७,२१६ होतील. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना चक्रवाढ व्याज माहीत असते, त्यामुळे हा भाग ते इतरांपेक्षा लवकर आत्मसात करतात. प्रत्यक्षात अन्न संपते, आम्ल साचते आणि वाढ मंदावते. तरीही सुरुवातीचे काही तास गणित असेच चालते.

येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक वाटते. शिजवलेला भात रात्रभर बाहेर राहिल्यास त्यात बॅसिलस सिरियस वाढू शकतो, कारण त्याचे बीजाणू (जिवाणूची कठीण कवचातली सुप्त अवस्था) शिजवण्याच्या उष्णतेतही तग धरतात. तो तयार करत असलेले उलटी घडवणारे विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. शिळा भात फोडणीला टाकण्यापूर्वी तो रात्रभर कोठे होता, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

बांगडा नीट शिजवला होता, तरी अंगावर गांधी उठल्या. शिजवल्यावर जंतू मरत नाहीत का?

जिवाणू मरतात, पण त्रास जिवाणूंनी दिलेला नसतो. बांगडा, तारली, कुपा यांसारख्या गडद मांसाच्या माशांमध्ये हिस्टिडीन नावाचे अमिनो आम्ल भरपूर असते. मासा पकडल्यानंतर बर्फाविना राहिला, तर त्यावरचे काही जिवाणू हिस्टिडीनचे रूपांतर हिस्टामाइनमध्ये करतात. हिस्टामाइन हा एक रेणू आहे. तो जिवंत नाही, म्हणून त्याला 'मारता' येत नाही. तो उकळून, तळून किंवा पुन्हा गोठवूनही जात नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते काही तासांत चेहरा लाल होणे, गांधी, डोकेदुखी, धडधड असा त्रास सुरू होतो. घरी याला 'पित्त उठले' म्हणतात आणि माणूस आयुष्यभर 'मला बांगडा चालत नाही' असे सांगत राहतो, वास्तविक त्या दिवशीचा बांगडा बर्फात ठेवलेला नव्हता, एवढीच बाब असू शकते. (खरी अॅलर्जीही असते, दोन्हींतला फरक डॉक्टरांनी ठरवायचा आहे, आणि श्वास लागत असेल तर वाट न पाहता दवाखाना गाठायचा आहे.)

हा प्रश्न आम्ही मुद्दाम सविस्तर घेतो. सूक्ष्मजीव आणि त्याने मागे ठेवलेला पदार्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकीवरचा उपाय दुसरीवर चालत नाही, हे यापेक्षा चांगल्या उदाहरणाने शिकवता येत नाही. उपाय एकच: होडीपासून कढईपर्यंत मासा सतत थंड ठेवणे. होडीवरून बाजारात येताना बर्फावर केलेली काटकसर स्वयंपाकघरात भरून काढता येत नाही.

तिसऱ्या आणि कालवांची गोष्ट थोडी निराळी आहे. ते पाणी गाळून अन्न मिळवतात, त्यामुळे खाडीत सांडपाणी येत असेल तर त्यातील सूक्ष्मजीव त्यांच्या शरीरात साठतात. ते चांगले शिजवणे येथे उपयोगी पडते.

आंबोळीचे पीठ फुगते आणि आमटी नासते. दोन्हींत जिवाणूच असतील, तर फरक काय?

जीवशास्त्राच्या दृष्टीने फारसा नाही. 'आंबणे' आणि 'नासणे' हा भेद माणसाने स्वतःच्या सोयीने केलेला आहे. तांदूळ आणि उडदाच्या पिठात ल्युकोनोस्टॉकसारखे लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू वाढतात. कर्बवायूने पीठ फुगते आणि आम्लामुळे इतर अनेक जिवाणूंना तेथे जागा उरत नाही. घावनाचे पीठ आंबवत नाहीत, म्हणून त्याची चव आंबट नसते. पौष-माघात पीठ वर येत नाही, म्हणून आजी टोप चुलीजवळ सरकवून ठेवते, तेव्हा ती जिवाणूंना त्यांचे आवडते तापमान देत असते.

माडीत मुख्य काम यीस्टचे असते. माडाच्या पोयीतून गळणारा गोड रस मडक्यात पडतो आणि उन्हे वर येईपर्यंत त्यातील साखरेपासून मद्यार्क तयार होऊ लागतो. नीरा हवी असेल तर मडक्याला आतून चुना लावतात, कारण चुन्याच्या अल्कधर्मी थरामुळे किण्वन, म्हणजे आंबण्याची क्रिया, रोखले जाते. कोकमाचे आगळ मात्र उलट टोकाने, म्हणजे आम्ल आणि मीठ यांच्या जोरावर, वर्षभर टिकते. त्याच आगळात नारळाचे दूध घालून सोलकढी केली की आम्ल आणि मीठ पातळ होतात, जिवाणूंना खाद्य मिळते, आणि ती उरवता येत नाही.

वडील तीस वर्षे त्याच मळ्यात लावणी करतात. मग आताच लेप्टो कसा झाला?

हा प्रश्न पावसाळ्यात हमखास येतो, आणि विचारणाऱ्याच्या घरी बहुतेक वेळा कोणीतरी आजारी असते.

लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. तो घडवणारा लेप्टोस्पायरा हा मळसूत्रासारखा पीळदार, अतिशय बारीक जिवाणू आहे. उंदीर, गुरे, कुत्री, डुकरे यांच्या मूत्रपिंडात तो राहतो आणि मूत्रावाटे बाहेर पडतो. उबदार, ओल्या, फारशा आम्लयुक्त नसलेल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात तो कित्येक दिवस, कधी आठवडेही, जिवंत राहू शकतो. चिखलणी आणि तरव्याची लावणी करताना माणूस दिवसभर अनवाणी पाण्यात उभा असतो. पायावरच्या चिरेतून, भेगेतून किंवा डोळे, नाक, तोंड यांच्या नाजूक त्वचेतून हा जिवाणू आत शिरतो. साधारणपणे एक ते दोन आठवड्यांनी अचानक ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना आणि डोळे लाल होणे ही लक्षणे दिसतात. काहींमध्ये कावीळ, मूत्रपिंड निकामी होणे किंवा फुप्फुसात रक्तस्राव इथपर्यंत आजार जातो.

तीस वर्षांच्या अनुभवाने कातडी निबर होते, पण भेग पडायची थांबत नाही. शिवाय या जिवाणूचे अडीचशेहून अधिक उपप्रकार आहेत आणि एका उपप्रकाराविरुद्ध आलेली प्रतिकारशक्ती दुसऱ्यावर फारशी चालत नाही. त्यामुळे 'आम्हाला काही होत नाही' हा भरवसा शास्त्राला धरून नाही. आजार जिवाणूजन्य असल्याने डॉक्सिसायक्लिन, पेनिसिलिन यांसारखी प्रतिजैविके (अँटिबायोटिक) उपयोगी पडतात, आणि ती जितक्या लवकर सुरू होतील तितके चांगले. जखमेवर जलरोधक पट्टी, शक्य तेथे गमबूट, गोठ्याचे पाणी मळ्यात न सोडणे आणि भाताच्या कणगीभोवती उंदीर होऊ न देणे हे घरचे उपाय आहेत; प्रतिबंधक गोळ्या आरोग्य कर्मचाऱ्यांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. लावणीनंतर ताप आला तर डॉक्टरांना 'मी पाण्यात उभा होतो' हे वाक्य आवर्जून सांगावे. निदानात ते वाक्य एखाद्या तपासणीइतके महत्त्वाचे ठरू शकते.

माकडताप हा लेप्टोचाच प्रकार आहे का?

नाही. माकडताप विषाणूमुळे होतो. १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूर जंगलात तो प्रथम ओळखला गेला आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुक्यात त्याचे रुग्ण आढळले. तो गोचिडीच्या चाव्यातून पसरतो, पाण्यातून नव्हे. आणि त्याचा हंगाम पावसाळा नसून हिवाळा ते उन्हाळा, म्हणजे नेमका काजू गोळा करण्याचा काळ आहे. दोन्ही आजार तापाने आणि अंगदुखीने सुरू होतात, तरी एकावर प्रतिजैविक चालते आणि दुसऱ्यावर नाही.

प्रतिजैविक विषाणूवर का चालत नाही?

कारण ते ज्यावर घाव घालते, ते विषाणूकडे नसतेच. १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना आढळलेले पेनिसिलिन जिवाणूची पेशीभित्तिका बांधण्याचे काम अडवते. आपल्या पेशींना भित्तिका नाही, म्हणून आपण वाचतो. विषाणूला भित्तिका नाही, म्हणून तोही वाचतो. सर्दीसाठी मेडिकलमधून स्वतःच आणलेल्या गोळीने विषाणूला काहीच होत नाही, आतड्यातील निरुपद्रवी जिवाणू मात्र मरतात आणि त्यांतले जे गोळीला दाद देत नाहीत तेच उरून वाढतात. 'शरीराला औषधाची सवय झाली' असे म्हणतात ते चूक आहे. शरीर तेच राहते, बदलते ती जिवाणूंची लोकसंख्या. फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच याची जाणीव करून दिली होती.

लस आणि प्रतिजैविक यांत फरक काय?

लस जंतूला मारत नाही. ती शरीराला तो आधीच ओळखायला शिकवते. मुंबईत प्लेगची साथ असताना वाल्देमार हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली होती.

विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) किती टाकायचे? पाणी स्वच्छ दिसत असेल तर गरज आहे का?

स्वच्छ दिसणे आणि निर्जंतुक असणे यांचा संबंध नाही. एक मिलिलिटर पाण्यात हजारो जिवाणू असले तरी ते नितळ दिसते. जांभ्या दगडात भेगा आणि पोकळ्या बऱ्याच असतात, त्यामुळे शौचखड्डा विहिरीजवळ असेल तर मधली जमीन गाळण्याचे काम पुरेसे करीलच असे नाही.

चांगल्या प्रतीची टीसीएल पावडर १,००० लिटर पाण्याला सुमारे २.५ ग्रॅम लागते. समजा विहिरीचा व्यास ३ मीटर आणि पाण्याची खोली ४ मीटर आहे. व्यासाचा वर्ग ९, गुणिले खोली ४, गुणिले ३.१४, भागिले ४, म्हणजे २८.२६ घनमीटर, अर्थात २८,२६० लिटर. त्याला सुमारे ७० ग्रॅम पावडर पुरते. ती बादलीत कालवून चुन्याचा साका खाली बसू द्यावा आणि वरची निवळी विहिरीत सोडून पाणी ढवळावे. निदान एक तास पाणी उपसू नये. तासाभरानंतर पाण्यात लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम मोकळे क्लोरीन उरले पाहिजे. उरले नाही, तर मात्रा कमी पडली असे समजावे. गढूळ पाण्याला जास्त मात्रा लागते, आणि पावडरीचा डबा उघडा राहिला की तिचा जोर जातो.

सुपारीच्या कोळेरोगावर बुरशीनाशक मारूनही गळ का थांबत नाही?

कोळेरोग फायटोप्थोरा या जीवामुळे होतो. तो बुरशीसारखा दिसतो, पण खरी बुरशी नाही. बुरशीच्या पेशीभित्तिकेत कायटिन असते, याच्या भित्तिकेत प्रामुख्याने सेल्युलोज असते. नात्याने हा तपकिरी शैवालांना जवळचा आहे. जी बुरशीनाशके एर्गोस्टेरॉल (बुरशीच्या पेशीपटलातला एक घटक) तयार होण्याची क्रिया अडवतात, ती येथे निष्प्रभ ठरतात, कारण हा जीव ते बनवतच नाही. त्याचे बीजाणू पाण्यात पोहतात, म्हणून सततच्या पावसात रोग बागभर पसरतो. एक टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना १०० लिटर पाण्यात, हा जुना उपाय तांब्यामुळे चालतो. परंतु तो बीजाणू रुजण्यापूर्वी, पावसाच्या तोंडावर घडांवर बसायला हवा. गळलेली फळे वाडीतच ठेवल्यास पुढचा प्रादुर्भाव तेथूनच सुरू होतो.

हापूसचा साका हे याच्या विरुद्ध टोकाचे उदाहरण आहे. आतला गर पांढरट, भुसभुशीत होतो, पण त्यामागे कोणताही सूक्ष्मजीव नाही; तो फळाच्या अंतर्गत क्रियेतला बिघाड आहे. भुरी आणि करपा हे मात्र खरे बुरशीजन्य रोग आहेत. चारही तक्रारी एकाच दुकानात सांगितल्या जातात, म्हणून हा फरक बागायतदाराच्या मुलाने तरी लक्षात ठेवावा.

हापूसची बाठ लावली तर हापूसच येईल का?

सहसा नाही. बाठीतील रोप परागीभवनातून आलेले असते. त्यात अर्धी जनुके दुसऱ्या आंब्याची असू शकतात, म्हणून ते रायवळ होते. कलमाची फांदी ही मूळ झाडाचीच पेशी-पेशीने वाढलेली प्रत असते. तोटाही त्यातच आहे: बागेतील सर्व झाडांची जनुके सारखी असल्याने एखाद्या रोगापुढे सगळी सारखीच दुबळी ठरतात. दुसऱ्या बाजूला, नीलम आणि हापूस यांच्या संकरातून तयार केलेली 'रत्ना' ही जात परागीभवनाचा हेतुपुरस्सर वापर कसा करता येतो हे दाखवते.

प्रयोगशाळेत काय करावे लागते?

चार प्रात्यक्षिके असतात: कांद्याची पेशी, तळीच्या पाण्याचा थेंब, दह्यातील जिवाणूंचे ग्रॅम रंजन (रंग देऊन जिवाणूंचे दोन गट ओळखण्याची पद्धत) आणि अगार या जेलीसारख्या पदार्थावरची जिवाणूंची वाढ. अगार लाल समुद्री शैवालांपासून मिळतो. पूर्वी जिलेटिन वापरत, पण ते उबेत वितळे. जर्मन जिवाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत फॅनी हेसे यांच्या सुचवणीवरून १८८०च्या दशकाच्या आरंभी अगार आला आणि आजतागायत टिकला. वाढ झालेली तबकडी उघडायची नाही. काम संपल्यावर ती १२१ अंश सेल्सिअसला, दाबाखालील वाफेत निर्जंतुक केली जाते. घरचा कुकर याच तत्त्वावर चालतो.

लॅटिन नावे पाठ करावी लागतात का?

आठ-दहा. उत्तरपत्रिकेत ती देवनागरीत लिहिलेली चालतात.

रात्री किनाऱ्यावर लाट फुटताना निळी चमकते, ते काय असते?

बहुधा नॉक्टिल्युका. हा एकपेशीय जीव एक मिलिमीटरच्या आसपास मोठा असतो, म्हणजे नुसत्या डोळ्यांनाही ठिपक्यासारखा दिसतो. लाटेचा किंवा पावलाचा धक्का बसला की त्याच्या पेशीत ल्युसिफेरीन हे द्रव्य आणि ल्युसिफेरेज हे विकर (एन्झाइम) यांची क्रिया होऊन क्षणभर प्रकाश पडतो. त्यात उष्णता जवळपास नसते. तो फार दाट झाला तर पाण्यातील प्राणवायू घटून आणि अमोनिया वाढून मासे मरू शकतात. पाहायला जायचे असल्यास अमावास्येजवळची रात्र निवडावी, दिवे बंद ठेवावेत, आणि बाटलीत घेतलेले पाणी हलवून, पाहून झाल्यावर परत समुद्रातच ओतावे.